चार घरांची गाडी

टॅक्सी आजही आली नाही. निघाली म्हणून फोनवर दाखवलं, कोपऱ्यापर्यंत आलेलीसुद्धा दिसली. मग चालकाचा फोन आला, पेशंट आहे का म्हणून. तिने खरं ते सांगून टाकलं. हो, सासरे आहेत, काठी घेऊन चालतात, बसायला जरा वेळ लागतो. झालं! खरं बोलल्याचं बक्षीस तिथल्या तिथे मिळालं, फेरी रद्द. दुसरी बोलावली तर ती यायला तयारच होईना. तोवर दवाखान्यातली वेळ टळून गेली होती.

सासरे दाराजवळच्या खुर्चीत तयार होऊन बसले होते. बूट घातलेले, केस विंचरलेले, उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला. सुनेचा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं. ते वाकले आणि डाव्या हाताने बुटाची नाडी सोडायला लागले. "राहू दे पोरी," म्हणाले, "परवा जाऊ."

परवाही असंच झालं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही एकदा झालं होतं.

या सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळी हयात त्यांनी डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचलण्यात घालवलेली. मग पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सुधारलं, उजवा हात तेवढा अडून बसला. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. हाताचं जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल, घरचे व्यायाम कराच, पण इथल्या यंत्रांवरचे व्यायाम चुकवू नका, एकदा बोटं आखडली की नंतर आमच्याही हातात काही उरत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, चिमटा धरता येईल का? नेमाने आलात तर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

नेमाने! दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसच्या पायऱ्या सासऱ्यांना चढवत नाहीत. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ती स्वतः एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायच्या. सकाळी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, मग कामावर धावायचं, असा तिचा बेत होता. टॅक्सीवाल्यांनी त्या बेताचा पार बोजवारा उडवला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढी अडचण होती तर एखादी जुनी गाडी का नाही घेतली? इथेच तर डोकं फिरतं. गाडी होती! घरापासून हाकेच्या अंतरावर, शटर ओढलेल्या शेडमध्ये, तिच्या मालकीची गाडी उभी होती. म्हणजे तिच्या आणि आणखी तीन घरांच्या मालकीची.

त्याचं असं झालं होतं. त्यांच्या गल्लीत शेजारी शेजारी चार घरं. एक हिचं. एक बेकरीवाल्याचं, तो पहाटे उठून भट्टी पेटवतो आणि सकाळी घरी येतो. एक विमेवाल्यांचं, घरच्या पुढच्या खोलीतच त्यांची कचेरी. आणि एक बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, एकट्या राहणाऱ्या. एकट्याने गाडी घ्यायची ऐपत यांच्यापैकी कुणाचीच नव्हती, आणि रोज लागेल इतकी गरजही नव्हती. विमेवाल्यांनीच टूम काढली की चौघांनी मिळून एक जुनी गाडी घ्यावी. बाकीचे हो म्हणाले. गल्लीच्या टोकाची शेड भाड्याने घेतली. एक किल्ली बाईंकडे ठेवली, कारण त्या कायम घरी. दुसरी विमेवाल्यांकडे, अडीअडचणीला असावी म्हणून. ज्याला गाडी हवी त्याने किल्ली घ्यायची, कुठे चाललो आणि कधी परतणार ते सांगायचं, बस. तिने तर मुद्दाम गाडी चालवायला शिकून घेतलं होतं. सासऱ्यांच्या हातासाठीच.

सुरुवातीला छान चाललं. मग एक दिवस ती सासऱ्यांना दवाखान्यातून घेऊन आली, तर बेकरीवाल्याची बायको दारात उभी. तिच्या आईला बरं नव्हतं, गाडी हवी होती. "असू दे हो वहिनी, आम्ही केली सोय," ती गोड हसून म्हणाली. ते गोड हसणं हिला रात्रभर टोचलं. आपल्यामुळे तिची अडचण झाली! आठवड्यातून तीन तीन वेळा आपणच गाडी नेतो, लोक काय म्हणत असतील? तिने ठरवून टाकलं, अगदीच गळ्याशी आलं तरच गाडी मागायची. एरवी टॅक्सी आहेच.

सासऱ्यांनीही दुजोरा दिला. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यात बाईंकडे किल्ली मागायला जायचं म्हणजे वेगळाच व्याप. कुठे चाललात, हात कसा आहे, डॉक्टर काय म्हणाले, छापखान्यात हल्ली कसली पुस्तकं येतात, नवऱ्याचा फोन आला होता का. बाई प्रश्नांवर प्रश्न विचारत. हिला घाई असायची आणि वर अपराधी वाटायचं. जणू गाडीची गरज खरोखरच आहे का याची परीक्षाच चाललीय.

तर अशी ही मोठ्या मनाची सून. आणि आता ऐका हं, मोठ्या मनाच्या माणसाचं पुढे काय होतं ते. टॅक्सी रद्द झाली की तिला आठवायची ती गाडी. आपण एवढं मन मारून राहिलोय आणि त्या गाडीतून मजा मारतंय कोण? बेकरीवालाच. त्याच्या पिठाच्या गोण्या, त्याच्या सासुरवाडीच्या फेऱ्या. दर महिन्याला वर्गणी द्यायला ती विमेवाल्यांच्या दारात जायची, हसून द्यायची आणि परत येताना मनातल्या मनात चरफडायची. शेडचं शटर कायम बंद, गाडी आत आहे की नाही ते बाहेरून दिसायचं नाही. आणि शटर उघडून बघणं हे तिच्या सभ्यपणात बसत नव्हतं!

छापखान्यातही तिचं लक्ष उडालं होतं. औषधाच्या एका माहितीपत्रकात "जेवणाआधी" ऐवजी "जेवणानंतर" तिच्या नजरेखालून तसंच गेलं. छापायच्या आधी दुसऱ्या कुणी पकडलं म्हणून निभावलं. मुख्य तपासनीस तो कागद तिच्या टेबलावर ठेवून गेले. ती त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटत राहिली, आणि सासरे मुकाट्याने रबराचा चेंडू दाबत बसले. चेंडू काही दबत नव्हता.

मग तो दिवस उजाडला. डॉक्टर स्वतः हात तपासणार होते आणि पुढे काय करायचं ते ठरवणार होते. ती वेळ चुकली तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. तिने टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवली होती. सकाळी ती रद्द झाल्याचा निरोप आला.

सासरे नेहमीप्रमाणे वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाडी सोडू नका, बाबा," ती म्हणाली. आवाज इतका चढला होता की सासऱ्यांचा हात तिथेच थांबला. चपला पायात सरकवून ती तडक बाईंच्या दाराशी गेली आणि कडी वाजवायच्या ऐवजी दारच वाजवलं.

बाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. या या, किती दिवसांनी, असं त्यांनी सुरू केलं, पण हिने एक शब्द पुढे जाऊ दिला नाही. गाडी हवी आहे, आत्ता हवी आहे, बेकरीवाला घेऊन गेला असेल तर त्याला फोन करून बोलवा, असं तिने एका दमात सांगितलं. बाई गोंधळल्या. गाडी कुणी नेली हे त्यांना कुठून ठाऊक असणार? किल्ली मागायला त्यांच्याकडे कित्येक महिन्यांत कुणी फिरकलंच नव्हतं. सगळे विमेवाल्यांकडूनच नेतात ना आताशा, असं त्या जरा दुखावून म्हणाल्या. त्यांची किल्ली दारामागे खिळ्याला तशीच लटकत होती.

दोघी विमेवाल्यांकडे गेल्या. ते कानाला फोन लावून बसले होते. त्यांनी तर कानावरच हात ठेवले. माझ्याकडे कोण येतंय? किल्ली बाईंकडूनच नेतात सगळे. मी स्वतः परवा मुलाच्या मुलाखतीला बसने गेलो, म्हटलं वहिनींना दवाखान्यासाठी लागत असेल.

एवढ्यात बेकरीवाला अंगावर पीठ घेऊन घरी परतत होता. तिने त्याला रस्त्यातच गाठलं. मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. गोण्या, सासुरवाडी, सगळं. तो बिचारा आधी बघतच राहिला. मग तोही तापला.

"मी? मी नेतो गाडी?" तो म्हणाला. "वहिनी, माझं पीठ हातगाडीवरून येतं. बायकोची आई आजारी होती तेव्हा आम्ही तिला दुसऱ्याच्या टेम्पोत घालून नेलं. का? तर तुमच्या बाबांचे व्यायाम आहेत म्हणून! आणि हे विमेवाले मला तोंडावर म्हणाले, गाडी काय, नेहमी बाहेरच असते. त्या दिवसापासून मी शेडकडे बघितलेलं नाही."

"अहो, मी चेष्टा केली होती," विमेवाले म्हणाले.

चौघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग सगळे गल्लीच्या टोकाकडे निघाले. बेकरीवाल्याने शटरला हात घातला. ते गंजून बसलं होतं, दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे कुरकुरत वर गेलं.

गाडी आतच होती. टपावर धुळीचा थर, काचेवर कबुतरांची घाण, पुढच्या चाकाशी जळमटं. कुणाही माणसाचं बोट तिला महिनोन् महिने लागलेलं नव्हतं. विमेवाल्यांनी खिशातून काढलेली किल्ली घेऊन ती आत बसली आणि फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. बॅटरी मेलेली.

इतके दिवस! इतके दिवस तिचे सासरे बूट घालून बसत होते आणि बूट काढत होते, आणि गाडी इथे धूळ खात होती! तिला रडू फुटेना, रागही कुणावर काढावा कळेना. मग तो सगळ्यात जवळ असलेल्या माणसावर निघाला.

"बाई, तुम्ही तरी सांगायचं," ती म्हणाली. "किल्ली तुमच्या दारामागे तशीच लटकतेय हे तुम्हाला दिसत होतं. आणि खरं सांगू? तुम्ही फार विचारता. कुठे, कशाला, कोण, किती वेळ. माणसाला वाटतं आपली झडती चाललीय. म्हणून कुणी येत नाही तुमच्याकडे."

विमेवाल्यांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं. बेकरीवाला हातावरचं पीठ झटकत राहिला.

सगळी हयात वर्गावर आवाज चढवलेली ती बाई, पण बोलली तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"मी झडती नव्हते घेत गं. मी गप्पा मारत होते." त्या थांबल्या. "मला सांग, मला गाडी कशाला लागते? मला गाडी चालवता येत नाही. किराण्याचं दुकान, वाचनालय, माझे डॉक्टर, सगळं पायी जाण्यासारखं आहे. तरी मी वर्गणी भरते. कधी विचार केलास का, ही म्हातारी यात का पडली ते? किल्ली माझ्या घरी ठेवायची ठरली, तेव्हा मला वाटलं, चला, आठवड्यातून चार वेळा तरी कुणीतरी कडी वाजवेल. कुणीतरी सांगून जाईल, कुठे चाललो ते. परत आल्यावर कळवेल, आलो म्हणून. मग एकेक करून सगळे यायचे थांबले. मला वाटलं, मी नकोशी झाले, म्हणून विमेवाल्यांकडून किल्ली नेतात. विचारायचं कसं? अपमान करून घ्यायचा का? म्हणून मीही मूग गिळून बसले."

सून काहीतरी पुटपुटली, पण बाईंनी हाताने थांबवलं. त्यांच्यातली मास्तरीण आता जागी झाली होती.

"आपण चौघं एकत्र का आलो होतो?" त्यांनी विचारलं. "गाडीसाठी? गाडी भाड्यानेही मिळते. तू आलीस कारण नवरा लांब, अडीनडीला कुणीतरी असावं. बेकरीवाल्यांच्या घरी दोघंच, पहाटेपासून कामात, कुणी आजारी पडलं तर धावायला तिसरा नाही. विमेवाल्यांना सगळ्या गल्लीने आपल्याला विचारावं असं वाटतं, वाटू दे, त्यात काही वाईट नाही. प्रत्येकाला दुसरा माणूस हवा होता. आणि माणूस मिळाल्याबरोबर आपण काय केलं? त्याला लाजायला लागलो. मागायची लाज, 'नाही' ऐकायची लाज, भांडायची लाज. मनात मात्र एकमेकांना शिव्या. आपण घाबरट माणसं आहोत, आणि भित्रेपणाला चांगुलपणा म्हणत होतो. भाड्याची गाडी आपण भांडून मिळवली असती. स्वतःची होती म्हणून सडवली."

"आता उभे काय राहिलात?" बाई म्हणाल्या. "त्यांची वेळ चुकेल. ढकला."

गल्लीला उतार होता, तेवढं बरं. बेकरीवाला आत बसला, कारण ढकलून सुरू करायची गाडी सुनेने कधी चालवली नव्हती. सासऱ्यांना आणून पुढे बसवलं. मागून विमेवाले, सून आणि बेकरीवाल्याची बायको, जी आरडाओरडा ऐकून बाहेर आली होती, असे तिघांनी धक्का मारायला घेतला. बाई बाजूने चालत सूचना देत होत्या, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. पहिल्यांदा गाडी नुसती गचके खाऊन थांबली. दुसऱ्यांदाही तेच. विमेवाल्यांना धाप लागली, ते म्हणाले, माझाच विमा आज उतरायला हवा होता. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला इंजिनाने एक मोठा खोकला काढला आणि गाडी सुरू झाली. बेकरीवाला ओरडला, बंद पडायच्या आत बसा! सून बसली, आणि तिच्यामागोमाग, कुणी बोलावलेलं नसताना, बाईही बसल्या.

वेळेवर पोचले. दवाखाना, डॉक्टर, सगळं वेळेवर. अशा गोष्टी इथे संपवायच्या असतात, नाही का? सगळे शहाणे झाले, गाडी सुरू झाली, हात बरा झाला. मलाही तसं सांगायला आवडलं असतं.

डॉक्टरांनी सासऱ्यांचं एकेक बोट उघडून पाहिलं, वळवून पाहिलं. मनगट फिरवलं. टेबलावर एक टाचणी ठेवली आणि उचलायला सांगितलं. सासऱ्यांचा अंगठा हलला, तर्जनी थोडी पुढे आली, पण दोघांची गाठ पडेना. कपाळावर घाम आला. टाचणी टेबलावरून घसरून खाली पडली. डॉक्टरांनी ती उचलली नाही.

मूठ वळेल, ते म्हणाले. पेला धरता येईल, बटणं लावता येतील, सही करता येईल. आणखी व्यायामांनी थोडं सुधारेलही. मग त्यांनी कागद चाळले आणि जरा चिडूनच विचारलं, अधूनमधून इतका खंड का पडू दिलात? याच दिवसांत तर यायला हवं होतं.

"टॅक्सी मिळत नव्हती," सून म्हणाली.

"गाडी होती, डॉक्टर," सासरे म्हणाले. शब्द सावकाश, एकेक करून आले. "आमचीच गाडी होती. आम्ही मागितली नाही."

डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी पुढच्या तारखा लिहून दिल्या. चिमट्याचं कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

परत येताना बेकरीवाला समोर बघून चालवत होता. सुनेने खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. बाईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. तेव्हा सासरेच मान वळवून म्हणाले, "बाई, परवा सकाळी नऊला मला गाडी लागेल."

बाई पुढे झुकल्या. "कुठे जायचंय?"

"व्यायामाला."

"आणि परत?"

"अकरापर्यंत. आलो की तुमच्या दारात येऊन सांगेन. आणि हात कसा आहे तेही सांगेन, तुम्ही विचारलंत तर."

"परवा नऊला?" बेकरीवाला म्हणाला. "मला तेव्हा बायकोच्या आईला आणायचंय, बाबा."

जुनी सवय तिथेच, तोंड उघडायला टपून बसलेली. असू दे हो, आम्ही करू सोय, हे शब्द सुनेच्या जिभेवर आलेसुद्धा. ते तिने गिळले.

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "परवा आम्हाला गाडी लागेल. बाबांची एकही फेरी मी आता सोडणार नाही. तुमच्या सासूबाईंना अकरानंतर आणा. नाहीतर वाटेत आम्ही उतरतो आणि तुम्ही पुढे जा. पण गाडी आम्हाला लागणार."

"अकरानंतर ऊन होतं. त्यांना सोसत नाही."

"मग आम्हाला आधी सोडा, त्यांना घेऊन या आणि येताना आम्हाला उचला. मागे तिघं बसतील की."

बेकरीवाल्याने थोडा वेळ हुज्जत घातली. सून मागे हटली नाही. बाई मध्ये पडल्या आणि त्यांनी दोघांनाही गप्प केलं. सासुरवाडीची वाट दवाखान्यावरूनच जाते की नाही यावर घर येईपर्यंत वाद चालला. एकंदरीत चांगलंच भांडण झालं. आणि कित्येक महिन्यांनंतर सुनेच्या छातीवरचं ओझं थोडं हललं, कारण तिच्या मनात काय आहे ते आता शेजाऱ्याला माहीत होतं, आणि त्याच्या मनातलं तिला.

मंडळी, तुमच्या इमारतीत, गल्लीत, कचेरीत असं काहीतरी असेलच, सगळ्यांनी मिळून घेतलेलं. आपण अशा कामात पडतो कारण एकट्याने भागत नाही. वस्तू एकट्याला परवडत नाही आणि त्याहून जास्त, एकटेपण परवडत नाही. पण वस्तू सगळ्यांची झाली की तिची देखभाल नुसत्या वर्गणीने होत नाही. त्यासाठी बोलावं लागतं. मला हवी आहे, तुला कधी हवी आहे, आज मला दे, उद्या तू घे, तू फार वेळा नेलीस, मला राग आला आहे, हे सगळं तोंडाने, समोरासमोर, वेळेवर. तेवढं करायची तयारी नसेल तर शटर ओढून घ्या आणि उगाच एकत्र आलो म्हणून मिरवू नका. दार वाजवायला लाजू नका. दाराआडचा माणूस कदाचित तुमचीच वाट बघत असतो. आणि मन मारून गप्प बसलात, तर आपण किती समजूतदार वागलो म्हणून तुम्हाला बरं वाटत राहील, आणि तेवढ्या वेळात घरातल्या कुणाची तरी बोटं कायमची आखडलेली असतील.